यजमानांची सुट्टी

सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे, असे मालवणात राहणाऱ्या माणसाने विचारले की ऐकणारा हसतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. सुट्टीसाठी लोक इथे येतात. इथल्या माणसाने आणखी कुठे जायचे? तरीही यंदा आमच्या घरात दोन नावांवरून वाद चालू आहे : खोपोलीचे ‘इमॅजिका’ आणि बेंगळुरूजवळचे ‘वंडरला’.

माझा कल प्रथम इमॅजिकाकडे होता. कुडाळला कोकण रेल्वेत बसावे, पनवेलला उतरावे, की खोपोली फार लांब नाही. शिवाय २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान कथांवर उभे आहे. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर तिथे एक खेळ आहे; नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ साली ज्याचे नामकरण झाले, तो राजासॉरसही तिथे पाण्यातून जाणाऱ्यांना भेटतो. साहित्य शिकवणाऱ्याला याचा मोह पडणारच. पण आमच्याकडच्या दशावतारात लिखित संहिता नसते. नट रंगमंचावर संवाद रचतो आणि तेच आख्यान दुसऱ्या गावी वेगळे होते. उद्यानातली कथा मात्र प्रत्येक फेरीला तीच असते. २००५ साली सुरू झालेल्या बेंगळुरूच्या वंडरलात कथेचा आग्रह कमी आणि यंत्र व पाणी यांचा खेळ अधिक.

आईला दोन्ही अमान्य. “दारात समुद्र आसताना पाण्यात खेळूक पैशे कित्याक घालवतास?” हा तिचा प्रश्न. तिचे म्हणणे सहज खोडता येत नाही. कृत्रिम लाटांच्या तलावात भोंगा वाजला की लाट येते. आमची लाट कुणाचे ऐकत नाही, आणि पावसाळ्यात तर किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात.

१९८१ साली बोद्रियार या फ्रेंच विचारवंताने डिस्नेलँडविषयी एक प्रसिद्ध मुद्दा मांडला होता. बाहेरचे जग खरे आहे असे वाटत राहावे, म्हणून ते उद्यान काल्पनिक म्हणून मांडलेले असते, असा त्याचा आशय. वर्गात मी हे शिकवतो, तेव्हा मुलांना दूरची उदाहरणे देतो. खरे तर आमच्या गावाकडेच बोट दाखवायला हवे. वायंगणी-तोंडवळी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ उभारण्याचा सरकारी बेत झाला, तेव्हा जमिनींच्या प्रश्नावरून ग्रामस्थांनी विरोध केला. ते उद्यान झाले नाही. पण तिकीटघर नसतानाही आमची घरे, आमचे जेवण, आमची बोली यांचे प्रदर्शन होऊ लागलेच आहे. घरामागच्या दोन खोल्या आम्हीही हंगामात पाहुण्यांना देतो. त्या उत्पन्नाविषयी तक्रार नाही. मुलांच्या शिक्षणाला त्याचा आधार आहे. मात्र मे महिन्यात माझी मुलगी दिवसभर कुणाला तरी किल्ल्याची वाट सांगत असते आणि सोलकढी कशी करतात ते समजावत असते.

निर्णय तिच्याच एका प्रश्नाने झाला. “तिथे आपल्याला कुणी काही विचारणार नाही ना, बाबा?” इमॅजिकात मराठी माणसे भेटणार, मालवणचे म्हटले की मासे कुठे चांगले मिळतात याची चौकशी होणार. आंबोली घाट चढून बेळगाव आणि तिथून रात्रीच्या गाडीने बेंगळुरू गाठले, तर आम्ही पूर्ण परके असू. भाषा येणार नाही, रस्ता आम्हालाच विचारावा लागेल.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम संपल्यावर आणि शाळा उघडण्यापूर्वी, वंडरला. समुद्राकाठची मुले पैसे देऊन तलावात डुंबतील, हे आईला अजून पटलेले नाही. तिचे तिकीट मात्र तिने आम्हाला काढू दिले आहे.