येलदरीच्या पाण्याकाठी

जिंतूरहून येलदरीला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. समोर पूर्णेचे अडवलेले अथांग पाणी. जवळच टेकलेले एक आजोबा म्हणाले, “बासष्टच्या दिवाळीत आमी इथं माती वाहत होतो, बाबा. लढाई पेटली ती तवाच.”

धरण १९६८ साली पुरे झाले. पण मन अडकले बासष्टमध्येच. दिवाळीला आठवडा उरला असता, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला. नामका चू नदीवर ब्रिगेडियर जॉन दळवींची ब्रिगेड मोडत होती. त्या सकाळी स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल हेलिकॉप्टर घेऊन त्सांगधरला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांच्या शोधासाठी स्क्वाड्रन लीडर विल्यम्स निघाले. सेहगलांचे हेलिकॉप्टर खाली दिसले खरे. पण तळ शत्रूच्या हाती गेला होता. गोळ्यांचा मारा झाला. जायबंदी हेलिकॉप्टर सावरीत विल्यम्स तेथून निसटले आणि त्यांनी बातमी मागे आणली. पुढे त्यांना वीरचक्र मिळाले.

सेहगल वाचले नाहीत. पण सोबती परतला नाही म्हणून त्याला पाहायला माणूस गेला, हे काय थोडे झाले?

पाण्यावर अंधार उतरला. पलीकडे दिवे लागले. त्यांतला एक मी मनोमन सेहगलांच्या नावाचा मानला.