एक जूनला जन्मलेली पिढी

आमच्या लहानपणी घरातल्या मोठ्यांना आम्ही ओळखायचो ते हाकेच्या नावाने. अण्णा, माई, बापूकाका, थोरल्या अक्का, सोप्यातली आत्या. माई गेल्या आणि वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायची वेळ आली, तेव्हा त्यांचं नाव इंदिरा होतं हे निम्म्या घराला कळलं. माहेरी त्या द्वारका. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि द्वारका तिथेच संपली. घरोघरी हीच गत. आज जात पडताळणीसाठी म्हणा, 2023पासून जोर धरलेल्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी म्हणा, की परदेशातल्या नातवाच्या हौसेखातर म्हणा, वंशावळ लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला पेन अडतं: अक्कांचं नाव काय?

तारखांचं तर विचारूच नका. त्या पिढीची कितीतरी माणसं कागदोपत्री 1 जूनला जन्मली आहेत. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडे एक नजर टाकत, साल अंदाजाने धरत आणि तारीख 1 जून ठोकून देत. खरा जन्म बायकांच्या बोलण्यात असायचा. ‘मोठ्या साथीत हा अंगावर पीत होता’ म्हणजे 1918. ‘पानशेत फुटलं तेव्हा मला सातवा लागला होता’ म्हणजे जुलै 1961. ‘भूकंपाच्या रात्री हिला पाळण्यातून उचलून अंगणात पळाले’ म्हणजे कोयना, डिसेंबर 1967. ‘दुष्काळात खडी फोडताना ह्याला झाडाला झोळी बांधून निजवायची’ म्हणजे 1972. जन्मतारीख विचारली की आत्या गप्प बसते. तेव्हा काय चाललं होतं, असं विचारलं की मात्र तिला थांबवावं लागतं.

मग माळ्यावर चढावं. पितळी घागरीच्या काठावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत ‘चि. शकूस मामांकडून’ आणि खाली साल कोरलेलं सापडतं. लग्न कधीचं, मुलीचं माहेरचं नाव काय, आजोळचं कोण आलं होतं, सगळं एका घागरीत. जुन्या लग्नपत्रिकाही टाकू नयेत. ‘आपले नम्र’खाली सगळी भावकी मानाच्या क्रमाने उभी असते. एक नाव गळलं तरी वर्षभर रुसवा चालायचा, त्यामुळे यादी सहसा पक्की असते.

एवढं हाताशी आलं की सरकारी कागद बोलू लागतात. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, जमिनीचे फेरफार. जुना कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांना गाव आणि आडनाव सांगितलं, तर यात्रेला किंवा अस्थी घेऊन आलेल्या पूर्वजांची नोंद त्यांच्या वहीत मिळू शकते. मात्र बऱ्याच जुन्या वंशावळींप्रमाणे तिथेही बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी पुरुषांचीच उतरंड. ज्या बायकांच्या तोंडी सगळ्यांचे जन्म होते, त्यांचाच ठावठिकाणा नाही.

त्या सापडतात भलत्याच कागदावर. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या मिळकतीत लेकी वारस झाल्या आणि बाप गेला की फेरफारात त्यांची नावं चढू लागली. पाठोपाठ भावांनी हक्कसोडपत्रं करून घेतली. आमच्या आत्याही गाडी भरून तालुक्याला गेल्या, अंगठे उठवले, साडीचोळी घेऊन परतल्या. तो दस्त आज काढून बघा. प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, वय, गाव, सगळं ओळीने. वाटा सोडताना का होईना, आमच्या घरातल्या लेकी एका कागदावर सगळ्या मिळून आल्या त्या तेवढ्याच.

म्हणून नव्याने वंशावळ लिहिणाऱ्याने प्रत्येक बाईची तिन्ही नावं लिहावीत: माहेरचं, सासरचं आणि हाकेचं. माहिती कोणी सांगितली तेही शेजारी टिपावं. कागद आणि आत्या यांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवावं, पण तारीख 1 जून असेल तर आत्याकडे झुकतं माप द्यावं.