ही कुणाच्यातली?

आंजेलो द फोन्सेका हे नाव आपल्यापैकी फार जणांनी ऐकलं नसेल. सूझा, गायतोंडे, रझा आपल्याला माहीत असतात. त्यांच्या आधीच्या पिढीतले हे गोव्याचे चित्रकार मात्र राहून जातात. जन्म १९०२चा, सांतो इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते शिकायला आले, पण तिथलं पाश्चात्त्य वळण सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. परतल्यावर त्यांनी येशू आणि मरिया आपल्या मातीच्या रंगात रंगवले. मरियेला साडी नेसवली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं आणि तिथल्या अनेकांना हे रुचलं नाही. शेवटी पुण्याच्या शिवाजीनगरमधला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हेच त्यांचं घर झालं. १९६७ साली ते वारले. त्यांची पत्नी आयव्ही यांनी जपलेली चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी चिकोडीहून बेळगाव आणि चोर्ला घाट करत ती बघायला गेले. जलरंगातली शांत चित्रं. कित्येक चित्रांतल्या मरियेसाठी आयव्हीच मॉडेल होत्या, हे कळल्यावर तर तो चेहरा आणखी जवळचा वाटला.

आमच्या भागात माणसाला एक प्रश्न ठरलेला: कन्नड का मराठी? माझं नाव कळलं की त्याला जोडून दुसरा येतो, "मग तुम्ही गोव्याचे काय?" आम्ही गोव्याचे नाही. माझी आज्जी निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली. ती बाजारात कन्नड बोलते आणि जपमाळ मराठीत करते. त्या चित्रांपुढे उभं राहून वाटलं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर कुणीतरी आपल्यासाठी आधीच रंगवून ठेवलंय.

घरी आल्यावर फोनवर आज्जीला एक चित्र दाखवलं.

"कोण गं ही?"

"मरियामाता."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चांगली हाय की. पण ही कुणाच्यातली म्हणायची? पदराला एक डाग न्हाई. कामाला जात नसंल."

मी हसले, पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्या भिंतीवर कॅलेंडरमधली मरिया आहे, निळ्या झग्यातली, गोरीपान. तिला आज्जीने हा प्रश्न कधीच विचारला नाही. तिच्याशी ती कंबरदुखीबद्दल बोलते, पगार थकला होता तेव्हाही बोलायची, आणि सगळं मराठीत. भाषेने ती परकी बाई केव्हाच घरची झाली. फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं, तेही याच वाटेने.

मग साडीतली मरियाच आज्जीला अनोळखी का वाटावी? मला वाटतं, परदेशी मरियेला जात नसते. ती साडी नेसली की लगेच आपल्यात येते, आणि आपल्यात येणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारतोच: कुणाच्यातली? साडी कुठली, पदर कसा, हात कसले? 'देशी' म्हटलं की सगळे सारखे होतात असं थोडंच आहे!

यामुळे फोन्सेका माझ्या नजरेत लहान होत नाहीत. त्यांनी दार उघडलं म्हणून तर आज्जीला असं विचारता आलं. स्वतःच्या लोकांचा रोष पत्करून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. पुढचं पाऊल त्यांच्याकडूनच मागणं बरोबर नाही.

ते आपल्याकडून मागता येईल. आपल्या मंडळात चित्रं काढणारे, कविता लिहिणारे पुष्कळ जण आहेत. इरकल लुगड्यातली, वखारीतून थकून आलेली, हाताला तंबाखूचा वास असलेली मरिया अजून कुणीतरी काढायची आहे. त्याआधी एकदा पर्वरीला नक्की जाऊन या.