पाणी न फिरवलेली भाकरी

सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्यांना आमचं कासुर्डी ठाऊक असतं ते जुन्या टोलनाक्यामुळे. गाव रस्ता सोडून आत, उसाच्या पट्ट्यात. दिवेलागण झाली, धारा काढून झाल्या, की आई हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसते. मांडीवर परात असतेच. कधी लसूण, कधी भुईमुगाच्या शेंगा. एकदा मालिकेतली सून चुलीपुढं भाकरी करत होती. अंगावर कोरी करकरीत काठापदराची साडी, दोन्ही हातांत हिरवा चुडा. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वळून सासूशी बोलायला लागली. आईचा लसूण सोलणारा हात थांबला. म्हणाली, "वरून पाणी फिरवलं न्हाय गं तिनं. आता तडकणार ती भाकरी."

भाकरी तव्यात पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आलं की उलटायची. ओली असताना उलटली तर तव्याला धरते, उशीर झाला तर चिरा पडतात. तो नेमका क्षण आईच्या बोटांना कळतो. तेव्हापासून मी कुठलाही सिनेमा बघताना आधी माणसांचे हात बघते. चेहरा रडू शकतो, हसू शकतो. पण विळा धरलेला हात, कासंडीत धार सोडणारा हात खोटं बोलला की लगेच कळतं.

मध्यंतरी भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' पुन्हा पाहिला. सुगी झाली की आमच्याकडेही मेंढरांचे वाडे उतरतात. रानात मेंढ्या बसवायच्या म्हणून शेतकरी धनगरांना बोलावणं धाडतात; लेंडीखतानं रान सुधारतं आणि बदल्यात धान्य, पैसे ठरतात. तिन्हीसांजेला वाघर लावून मेंढरं आत घेताना जो गलका उठतो, तो मी लहानपणापासून ऐकत आलेय. तोच गलका 'ख्वाडा'त ऐकला आणि अंगावर काटा आला. या सिनेमाला २०१५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला एक प्रत्यक्ष जागेवर आवाज टिपण्याच्या कामाचा होता. तो मला फार मोलाचा वाटतो. कऱ्हाडेंनी या सिनेमासाठी स्वतःची जमीन विकली होती. जमीन विकणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आवाजावरून माझा चुलतभाऊ आठवतो. शेतीची वीज रात्रपाळीला असली की तो उसाला दारं धरायला जातो. शिरूर-दौंडच्या उसात आता बिबट्या कायमचा राहायला आहे. म्हणून हा मोबाईलवर सिनेमा लावतो, आवाज पूर्ण मोठा करतो आणि मोबाईल वरच्या खिशात ठेवून सरीतून चालतो. असे कितीतरी सिनेमे त्यानं नुसते ऐकलेत. मी विचारलं, "दादा, 'सैराट' कसा वाटला?" तो म्हणाला, "शेवटाला आवाज बंद झाला गं एकदम. मला वाटलं बॅटरी गेली. रानात उभा राहिलो नुसता, हालता येईना." २०१६ च्या उन्हाळ्यात भरलेल्या थेटरात त्या शेवटाला आम्ही सगळे असेच गप्प बसलो होतो. आर्ची-परश्याचं पोर रक्तात भरलेली पावलं टाकत बाहेर येतं आणि पडद्यावरचा आवाज थांबलेला असतो. पण काळ्याभोर उसात, हातात फावडं आणि खिशात ती शांतता घेऊन उभ्या असलेल्या माझ्या भावाइतकं ते दृश्य कुणाला भिडलं असेल, असं मला वाटत नाही.

'सैराट' करणाऱ्या नागराज मंजुळेंच्याच 'फँड्री'त किशोर कदम यांचा कचरू डुकरामागं धावतो, तेव्हा त्याच्या कमरेतल्या वाकण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकणं दिसतं. पुढं काठीला टांगलेलं डुक्कर शाळेच्या भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांपुढून जातं. तिथं कुणीही काही बोलत नाही, आणि बोलायची गरजही पडत नाही.

मग मनाशी ठरवूनच टाकलं होतं की जिथं हात खरे तो सिनेमा खरा. ते आईनंच मोडलं. आठवड्याभरानं त्याच मालिकेत सगळ्यांची जेवणं उरकतात आणि ती सून अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उरलासुरला तुकडा खात बसते. आईनं पदर डोळ्याला लावला. मी म्हणाले, "हिला तर भाकरी येत नाही म्हणालीस ना?"

"न्हाईच येत," आई म्हणाली. "पण असं बसून खाल्लंय मी."

मी गप्प झाले. ती मालिका लिहिणाऱ्यानं कधीतरी अशा एखाद्या बाईकडं नीट पाहिलं असणार. ते पाहणं भाकरीत उतरलं नव्हतं, त्या तुकड्यात उतरलं. आईनं दोन्हींचा निवाडा वेगवेगळा केला आणि दोन्ही ठिकाणी ती खरं बोलली.

२०२५ च्या सप्टेंबरात, निवडुंगाच्या फळांचं नाव घेतलेला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पुण्यात जाऊन पाहिला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा मान मिळवून आलेला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याच्या लग्नासाठी मागं लागलेले नातेवाईक, आणि रानात भेटणारा त्याचा जुना सोबती बाल्या. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या हलक्या आवाजात सांगितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती बराच वेळ परातीतल्या शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, आता काय म्हणते कोण जाणे.

तिनं विचारलं, "बोंडाची कुसं कशानं काढली त्या बाल्यानं?"

मला आठवेना. आई म्हणाली, "आम्ही पाल्यानं झाडायचो, मातीत घोळायचो. तरी एखादं कूस हातात मोडायचंच. दुसऱ्याला द्यायचं बोंड असलं, की लई येळ लागायचा." एवढं बोलून ती आपला तळवा दिव्याकडं धरून बघत बसली. टीव्हीवर मालिका सुरू झाली होती. तिचं लक्ष नव्हतं.