पुदुच्चेरी : पुन्हा उभी राहिलेली वस्ती

पुदुच्चेरीच्या किनाऱ्यालगत पिवळ्या भिंतींची, बोगनवेलींनी बहरलेली जुनी फ्रेंच वस्ती पर्यटकांना भुरळ घालते. फ्रेंच येथे १६७४ मध्ये आले. पण काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले ते डचांनी, आपल्या अल्पशा अमलात. १७६१ मध्ये इंग्रजांनी हे शहर जमीनदोस्त केले. चार वर्षांनी फ्रेंचांनी जुन्याच आखणीवर ते उभारायला घेतले. कालव्याच्या समुद्राकडील बाजूला गोरे, पलीकडे तमिळ अशी वाटणी झाली. १९५४ मध्ये फ्रेंच सत्ता गेली, घरे मात्र राहिली. २०१४ च्या पावसात १९व्या शतकातील नगरपालिकेची इमारत, 'मेरी', कोसळली. २०२१ मध्ये ती त्याच जागी, त्याच रूपात पुन्हा उभी राहिली. प्रत्येक जुन्या घराच्या नशिबी हे भाग्य नसते. म्हणून भिंत पडण्यापूर्वीच तिची निगा राखायला हवी.