उपासनामंदिराचा उंबरठा

नाताळच्या दिवसांत आमच्या नागपुरांतील ख्रिस्तमंदिरें पाहावयास सर्व धर्मांचे लोक येतात. गव्हाणीचा देखावा पाहावा, क्षणभर हात जोडावे आणि परतावें, असा त्यांचा क्रम असतो. पुढच्या रविवारीं मात्र त्यांपैकीं क्वचितच कोणी उपासनेंत दृष्टीस पडतो. दार तर उघडेंच असतें. मग तें ओलांडावेंसें कां वाटत नाहीं, याचा विचार आम्हां विद्यार्थ्यांस अगत्याचा वाटतो.

नवख्या मनुष्याची अडचण फार साधी असते. कोठें बसावें, केव्हां उभें राहावें, पादत्राणें काढावीं कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. शिवाय, नांवगांव विचारतील, धर्म बदलावयास सांगतील, ही शंका मनांत असतेच. ती शंका जाईपर्यंत उघडें दार त्याच्या लेखीं बंदच होय.

याबाबत १८४५ सालीं नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांजकडून घेण्यासारखा एक धडा आहे. ते उपदेश करावयास आले होते खरे. तथापि गोंड लोकांच्या चालीरीति व गीतें यांचीं टिपणें त्यांनीं मोठ्या आस्थेनें जमविलीं. त्यांच्या निधनानंतर रिचर्ड टेंपल यांनीं तीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. दुसऱ्यास आपलासा करावयाचा तर आधीं त्याचें ऐकून घ्यावें लागतें, हाच तो धडा.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्याशीं स्नेहानें संभाषण केलें व नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं दिली. टिळकांनीं ती वाचली, शंका काढल्या आणि १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तोच निर्णय घेतला तो १९०० सालीं, स्वतःच्या विचारानें. एकाच घरांतील दोन मनांस इतका निराळा काळ लागतो, तर अनोळखी पाहुण्यास आपण घाई कां करावी?

ख्रिस्ती उपासना मराठी मनास परकी वाटूं नये म्हणून टिळकांनीं अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांचा आश्रय केला. पुढें १९१७ सालीं सातारा येथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोघांसहि स्थान होतें. श्रद्धा पातळ न करितां दार रुंद करतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं याच नागपुरांत सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. ख्रिस्ती लोकांनीं आपसांतील भिंती कमी केल्या, ही गोष्ट आमच्या नगरास भूषणावह आहे. आतां बाहेरच्या उंबरठ्याकडे पाहण्याची पाळी आपली.

कित्येक वडील मंडळींस भय वाटतें कीं, अशानें उपासनेचें गांभीर्य जाईल. आमच्या अल्पमतीस तसें वाटत नाहीं. दाराशीं एकानें उभें राहून नमस्कार करावा. पाहुण्यास पुढची बांकें मोकळीं असल्यास तीं दाखवावीं. गीताचें पान उघडून पुस्तक हातीं द्यावें. प्रभुभोजनाचा विधि कोणासाठीं आहे हें अगोदरच सौम्य शब्दांत सांगावें, म्हणजे त्या वेळीं कोणास अवघडल्यासारखें होणार नाहीं. जुने झालेले वस्त्र किंवा चुकलेला सूर यांकडे वळून पाहूं नये. आणि जातांना “पुन्हां या” एवढेंच म्हणावें. पत्ता मागूं नये.

वाचकहो, यांतील शेवटची गोष्टच सर्वांत कठीण आहे. पाहुणा आपल्यांत सामील व्हावा या हिशेबानें केलेलें स्वागत त्यास तत्काळ ओळखूं येतें. तो पुन्हां कधींहि येणार नाहीं हें ठाऊक असतांहि ज्यास आपण प्रेमानें बसावयास जागा देतों, त्याचेंच खरें आतिथ्य आपण केलें. तें आम्हां मुलांस पुढच्या रविवारींच आरंभितां येईल. त्यास ना द्रव्य लागतें, ना ठराव.