आजीचा आवाज किती वाढवायचा?

इंदूरहून ग्वाल्हेरच्या आजीला फोन लावायचा, तिच्या आठवणी तिला सांगूनच रेकॉर्ड करायच्या आणि घरच्यांसाठी छोटा पॉडकास्ट काढायचा, असं मी दिवाळीत ठरवलं. पहिला भाग ग्रुपवर टाकला आणि काकांचा लगेच निरोप आला, "तू ओरडते आहेस आणि आई ऐकूच येत नाही."

खरंच होतं ते. माझा आवाज थेट माझ्या मोबाइलच्या माइकमध्ये गेला होता. आजी अजून लँडलाइनवर बोलते, तीही रिसीव्हर हनुवटीखाली धरून. त्या लाइनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो, त्यामुळे तो मुळातच चेपलेला. त्यात दोघींचे आवाज एकाच ट्रॅकवर. सरसकट वाढवला तर मी आणखी ओरडणार!

मग ऑडॅसिटीत कम्प्रेसर लावला. तो मोठा आवाज दाबतो, म्हणजे नंतर सगळंच वर उचलता येतं. दोघी सारख्या ऐकू येऊ लागल्या. आजी थांबली की पंखा घरघरायचा, ते एक वेळ चाललं असतं. पण सातवीनंतर शाळा सुटली हे सांगताना तिचा आवाज अगदी खाली गेला होता. फोनवर मी श्वास रोखून ऐकलं होतं. आता तेच वाक्य "कैरी महाग झाली" इतक्याच जोरात येत होतं.

कम्प्रेसर काढून टाकला. एकेक वाक्य निवडून आजीचा आवाज ६ डेसिबलने वाढवला, म्हणजे लहरीची उंची दुप्पट झाली. माझा थोडा उतरवला. शाळेचं वाक्य मात्र कळेल इतपतच उचललं. वीस मिनिटांच्या गप्पांना तीन संध्याकाळी लागल्या.

पुढच्या वेळी आतेभाऊ आजीजवळ त्याचा मोबाइल रेकॉर्डर चालू करून ठेवणार आहे. सुरुवातीला मी फोनवरून "टाळी वाजव" म्हणणार. ती टाळी दोन्हीकडे उमटली की दोन फायली जुळवता येतात आणि तिचा ट्रॅक वेगळा मिळतो. हे आधी सुचलं असतं तर!

नवा भाग टाकण्याआधी आजीला फोनवर ऐकवला. ती जरा वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे ते शाळेचं आता सगळ्यांना ऐकू जाणार?"

"हो, पण कान द्यावा लागेल."

"मग असू दे," म्हणाली.